रविवारी लिहिलेला बाजार

२०२४च्या जूनचा पहिला आठवडा शेअर बाजारात चार पैसे असलेल्यांना बराच काळ आठवत राहील. ३१ मेच्या शुक्रवारी सेन्सेक्स ७३,९६१वर बंद झाला होता. शनिवारी संध्याकाळी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा संपला आणि मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला घसघशीत बहुमत देऊन टाकले. सोमवारी निर्देशांक अडीच हजार अंशांनी उसळून ७६,४६९वर गेला. मंगळवारी मतमोजणी. भाजप स्वबळावर बहुमताला पोहोचत नाही हे जसजसे दिसू लागले तसतसा बाजार ढासळत गेला आणि दिवसअखेर ४,३९० अंश गमावून ७२,०७९वर थांबला. बुधवारी ७४,३८२. गुरुवारी ७५,०७५. शुक्रवारी सकाळी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवर कायम ठेवला, वर्षाच्या विकासदराचा अंदाज ७ वरून ७.२ टक्के केला आणि सेन्सेक्स ७६,६९३वर, म्हणजे तोवरच्या सर्वांत उंच बंद पातळीवर, जाऊन बसला.

आता २ जूनच्या रविवारी ज्याने ‘आगामी आठवडा’ लिहायला घेतला असेल त्याच्यापुढे काय मांडलेले होते ते पाहा. मंगळवारी मतमोजणी आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक होते. पतधोरण समितीची बैठक बुधवारी सुरू होऊन शुक्रवारी दहा वाजता गव्हर्नर बोलणार, हे ठरलेले होते. युरोपची मध्यवर्ती बँक गुरुवारी व्याजदर उतरवणार याची कुणकुण होती आणि तिने तो उतरवलाही. शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेच्या रोजगाराचे आकडे येणार होते. दडलेली अशी एकही तारीख नव्हती. तरीही सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार यांची ही वाट आधी कुणाला लिहिता आली नसती. आपण लिहिली होती असे सांगणारा कुणी भेटलाच, तर त्याच्याकडे तारीख घातलेला कागद मागावा.

त्या रविवारचे एकच टिपण दोन माणसांनी वाचले असेल असे समजा. पहिल्याचा म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता चालू आहे. आठवडाभर त्याने फोनमध्ये डोकावले नाही आणि शुक्रवारी त्याचे पैसे निर्देशांकाबरोबर सुमारे पावणेचार टक्क्यांनी वाढलेले होते. दुसऱ्याने सोमवारच्या उत्साहात तेजीचे ऑप्शन घेतले. मंगळवारी दुपारी त्यातले फारसे काही उरलेले नव्हते आणि शुक्रवारची उच्चांकी पातळी पाहायला तो सौद्यात नव्हता. पुढील पानांतली साप्ताहिक टिपणे पहिल्या माणसासाठी आहेत. सांगायला हे सोपे वाटते. पण साप्ताहिक अंदाजांचा धंदा चालतो तो दुसऱ्या माणसावर, आणि त्यामुळे या लेखनप्रकाराची भाषा, त्याची घाई, त्याचा ‘हा स्तर तुटला तर पुढचा स्तर’ हा जप, सगळे त्याच्याच गरजेने घडले आहे. गुंतवणूकदाराने हे लेखन वाचावे का, आणि वाचलेच तर त्यातून काय उचलावे, एवढाच या प्रस्तावनेचा विषय आहे.

मुळात आठवडा हे माप शेअर बाजारात आले कुठून? मुंबईत १८७५ साली दलालांची संघटना उभी राहिली तेव्हापासून विसावे शतक संपेपर्यंत सौदा केला की पैसे आणि शेअर लगेच हातात पडत नसत. सौदे साठत जात, आणि ठरावीक मुदतीच्या शेवटी घेतले किती, विकले किती याचा हिशोब होऊन फक्त उरलेला फरक चुकता होई. १९९०च्या दशकात मुंबई शेअर बाजाराचा हा हिशोब सोमवार ते शुक्रवार असा चाले. राष्ट्रीय शेअर बाजार १९९४च्या नोव्हेंबरात समभागांच्या व्यवहारात उतरला. त्याने आपला आठवडा बुधवार ते मंगळवार ठेवला. या दोन आठवड्यांच्या सांध्यात किती जणांनी आपली घरे बांधली, याची गणती नाही. एका बाजारातला सौदा मुदत संपता संपता दुसऱ्या बाजारात सरकवायचा, म्हणजे पैसे न भरता आणखी काही दिवस मिळाले. ज्याला तसेही जमत नसे त्याच्यासाठी बदला होता: सौदा पुढच्या हिशोबात ढकलायचा आणि त्याचे व्याज सावकाराला द्यायचे. शनिवारी बदल्याचे दर ठरत. मंदीवाल्यांचे जास्त झाले आणि शेअरची टंचाई पडली की व्याज उलट्या दिशेने वाहू लागे. त्याला उंधा बदला म्हणत. त्या काळच्या दलालाला ‘येत्या आठवड्यात काय होईल’ हा प्रश्न पोटापाण्याचा होता, कारण त्याचे देणे-घेणे खरोखर आठवड्याला बांधलेले होते.

२००१च्या पडझडीने आणि घोटाळ्याने ही व्यवस्था संपवली. त्या जुलैत बदला बंद झाला. वर्षअखेरपर्यंत सगळ्या शेअरांना फिरती सौदापूर्ती लागू झाली, म्हणजे प्रत्येक दिवसाचा सौदा आपापल्या मुदतीने पुरा व्हायचा. आधी पाच दिवस, २००२च्या एप्रिलपासून तीन, २००३च्या एप्रिलपासून दोन आणि २७ जानेवारी २०२३पासून सगळ्या शेअरांसाठी एक. आज विकले की उद्या पैसे. आठवडा हिशोबातून पार पुसला गेला.

पण तो मागल्या दाराने परत आला. २०१६च्या मे महिन्यात राष्ट्रीय शेअर बाजाराने बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन आणले आणि २०१९च्या फेब्रुवारीत निफ्टीचे. एका आठवड्यात मरणारा करार स्वस्त असतो, आणि स्वस्त वस्तूला गिऱ्हाईक चटकन मिळते. दोन्ही शेअर बाजारांची त्यात चढाओढ लागली. २०२३ साली अशी वेळ आली की सोमवारी मिडकॅप निफ्टी, मंगळवारी फिन निफ्टी, बुधवारी बँक निफ्टी, गुरुवारी निफ्टी आणि शुक्रवारी सेन्सेक्स, अशी कामकाजाच्या प्रत्येक दिवशी कसली ना कसली एक्स्पायरी असे. सेबीने २०२४च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची किंमत दिसली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला होता. त्यानंतर नियम आवळले गेले. २०२४च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक करार ठेवता येऊ लागले, कराराचा आकार वाढला, आणि २०२५च्या सप्टेंबरपासून एक्स्पायरी मंगळवार किंवा गुरुवार याच दिवसांपुरती उरली. तरी २०२४-२५ या वर्षाच्या आकड्यांतही ९१ टक्के लोक तोट्यातच निघाले. तोटा होता १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे.

हा इतिहास सांगायचे कारण सरळ आहे. दूरचित्रवाणीवर, मोबाइलवर, सोमवारच्या अर्थ-पुरवणीतही ‘या आठवड्यात निफ्टी अमुक ते तमुक या पट्ट्यात राहील’ असे वाक्य येते तेव्हा ते उत्तर असते ऑप्शन विकणाऱ्याच्या प्रश्नाचे. मुलीच्या शिक्षणासाठी बारा वर्षे पैसे साठवणाऱ्याने तो प्रश्न विचारलेलाच नसतो. त्याच्या ताटात तो पट्टा उगाच वाढला जातो.

मग त्याने आठवड्याकडे पाहूच नये? माझे मत तसे नाही. सौदापूर्तीतून आठवडा गेला तरी अर्थव्यवस्थेचे बरेचसे आकडे आजही आठवड्याच्या तालावर येतात, आणि ज्याला तो ताल कळला त्याला बातमी आणि गोंगाट यांतला फरक कळू लागतो. एके काळी तर आपल्याकडे महागाईसुद्धा दर आठवड्याला मोजली जाई. घाऊक किंमत निर्देशांक २००९च्या ऑक्टोबरपर्यंत साप्ताहिक होता. २००८च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कच्च्या तेलाबरोबर तो १३ टक्क्यांजवळ गेला तेव्हा त्या आकड्याच्या वेळेला दलाल स्ट्रीटवर श्वास रोखला जाई. पुढे तो मासिक झाला, आणि ते योग्यच झाले. घाईघाईने गोळा केलेल्या साप्ताहिक किमती नंतर वारंवार सुधारल्या जात. बाजार मात्र पहिल्या आकड्यावर उड्या मारून मोकळा झालेला असे.

जे आकडे आजही साप्ताहिक आहेत त्यांतला सर्वांत गैरसमजाचा म्हणजे परकीय चलन गंगाजळीचा. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी आपले साप्ताहिक सांख्यिकी पत्रक काढते. त्यात आदल्या शुक्रवारपर्यंतची गंगाजळी असते. म्हणजे आकडा हाती येतो तेव्हा तो आठवडाभर शिळा असतो. २०२४च्या सप्टेंबरअखेर गंगाजळी ७०५ अब्ज डॉलरच्या आसपास होती, आणि जानेवारी २०२५च्या मध्यावर ती ६२४ अब्जांवर आलेली होती. ‘रुपया वाचवायला ८० अब्ज उडवले’ अशी चर्चा तेव्हा झाली. रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले हे खरेच. पण गंगाजळीत युरो, पौंड, येन आणि सोनेही असते, आणि सगळ्यांची मोजदाद डॉलरमध्ये होते. डॉलर वधारला की बाकीची चलने न विकताही हिशोबात लहान होतात. त्या महिन्यांत डॉलर वधारत होता, तेव्हा घट दोन्ही कारणांची मिळून झाली. एका आठवड्याच्या घटीवरून रुपयाची कुंडली मांडू नये. दोन-तीन महिन्यांचे आकडे ओळीने ठेवले तर मात्र हेच पत्रक पुष्कळ बोलते. १९९१च्या उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरल्यावर या देशाने सुमारे ४७ टन सोने परदेशी मध्यवर्ती बँकांकडे गहाण ठेवले होते. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांची नजर या पत्रकावरून अजून हटत नाही, आणि त्यात काही चूक नाही.

बुधवारी ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा लिलाव होतो. सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा लिलाव बहुधा शुक्रवारी. शेअरवाले तिकडे फिरकत नाहीत. फिरकावे. सरकारला कर्ज किती टक्क्यांनी मिळते यावर शेवटी सगळ्यांच्या पैशाची किंमत ठरते, आणि रोखेबाजार बराच काळ शेअर बाजाराच्या आधी शहाणा होतो. गुरुवारी हवामान खाते पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देते, आणि त्याच दिवशी केंद्रीय जल आयोगाचा धरणसाठ्याचा अहवाल येतो. जूनपासून खरिपाच्या पेरणीचे आकडेही दर आठवड्याला येत राहतात. अमेरिकेतल्या बेरोजगार भत्त्याच्या नव्या अर्जांची संख्या गुरुवारी आपल्या संध्याकाळी सहाला, तिकडच्या हिवाळ्यात सातला. तेथील तेलसाठ्याचा आकडा बुधवारी रात्री आठ-नऊच्या सुमारास. फेडरल रिझर्व्हचा निर्णय वर्षातून आठ वेळा, आपल्याकडे रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला. त्यासाठी जागरण करणारे गुंतवणूकदार मला ठाऊक आहेत. सकाळी तोच निर्णय वर्तमानपत्रात असतो.

पाऊस आणि धरणे शेअरच्या टिपणात कशाला, असे मुंबईकर वाचक विचारतो. त्याचे उत्तर किरकोळ महागाईच्या टोपलीत आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेये यांचे वजन ४५.८६ टक्के, म्हणजे जवळपास निम्मे. २०१६पासून पतधोरण समितीला ४ टक्के महागाईचे लक्ष्य दिले आहे, दोन टक्के इकडे-तिकडे धरून. तेव्हा व्याजदर ठरवणारी सहा माणसे मुंबईत बसतात, पण त्यांच्या हिशोबातला सर्वांत चंचल भाग नारायणगावच्या टोमॅटोत आणि लासलगावच्या कांद्यात असतो. २०२३च्या जुलैत टोमॅटोने उच्छाद मांडला आणि किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. त्याच दिवशी मुंबईत रेपो दर कायम ठेवल्याची घोषणा झाली. वर्तमानपत्रात या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर होत्या. आर्थिक टिपण लिहिणाऱ्याचे काम त्या एका पानावर आणणे हे आहे.

आकडा वाचण्यापूर्वी त्याच्या मागच्या वर्षीचा शेजारी पाहावा लागतो, हेही याच टोपलीने शिकवले. २०२४च्या ऑक्टोबरात किरकोळ महागाई ६.२१ टक्के होती, म्हणजे लक्ष्याच्या वरच्या मर्यादेबाहेर. बरोबर वर्षाने, २०२५च्या ऑक्टोबरात, ती ०.२५ टक्के, त्या मालिकेतली नीचांकी. भाज्या स्वस्त झाल्या होत्या, सप्टेंबरच्या २२ तारखेपासून जीएसटीचे दर उतरले होते, आणि ज्याच्याशी तुलना व्हायची तो आदल्या वर्षीचा ऑक्टोबर इतका महाग होता की साधा भावही स्वस्त दिसला असता. दुकानात जाणाऱ्याला पाव टक्का महागाई कुठेच दिसली नाही. शाळेची फी, दवाखाना, घरभाडे आपापल्या गतीने वाढतच होते. आकडा आणि गिऱ्हाईक, दोघेही खरे सांगत होते.

या सगळ्यात सर्वांत कठीण गोष्ट अशी की नुसता आकडा कळून बाजारात काही उपयोग होत नाही. बाजाराने काय गृहीत धरले होते ते कळावे लागते. ६ जून २०२५चा शुक्रवार घ्या. बहुतेक अर्थतज्ज्ञांनी पाव टक्का रेपो कपात धरली होती. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी अर्धा टक्का कापून तो साडेपाचवर आणला आणि वर रोख राखीव प्रमाणात टप्प्याटप्प्याने पूर्ण एक टक्का कपात जाहीर केली. सेन्सेक्स सातशेहून अधिक अंशांनी वाढला. पण त्याच निवेदनात धोरणाचा पवित्रा ‘सैल’वरून ‘तटस्थ’ झाला होता, म्हणजे यापुढे लगेच आणखी मागू नका. रोखेवाल्यांनी तेवढेच वाक्य उचलले, आणि पुढच्या दिवसांत दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा परतावा खाली येण्याऐवजी वर सरकला. एकाच निवेदनाने शेअरवाला खूश आणि रोखेवाला सावध. म्हणून या पुस्तकात जिथे जिथे एखादा आकडा येणार असे लिहिले आहे, तिथे तो किती येईल यापेक्षा लोकांनी किती धरला आहे यावर जास्त ओळी खर्च केल्या आहेत.

आणि काही गोष्टी कुठल्याच रविवारी लिहिता येत नाहीत. ४ मे २०२२चा बुधवार. सकाळी आयुर्विमा महामंडळाच्या शेअरविक्रीला सुरुवात झाली होती, देशभर त्याचीच चर्चा. दुपारी दोनला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक पडद्यावर आले आणि वेळापत्रकाबाहेर घेतलेल्या बैठकीत रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केल्याचे त्यांनी सांगितले. सेन्सेक्स त्या दिवशी १,३०० अंशांनी पडला. आयुर्विमा महामंडळाचा ९४९ रुपयांना विकलेला शेअर १७ मे रोजी ८६७ला नोंदला गेला. याच्या उलट घडले २० सप्टेंबर २०१९च्या शुक्रवारी. जीएसटी परिषदेसाठी पणजीत आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बैठकीपूर्वीच कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के केल्याचे जाहीर केले आणि सेन्सेक्स १,९२१ अंशांनी वर गेला. दशकभरातली ती सर्वांत मोठी एकदिवसीय उडी होती. त्या आठवड्याच्या टिपणात गोव्याचा उल्लेख असलाच तर बिस्किटांवरचा जीएसटी उतरेल का, एवढ्यापुरता असेल.

परकीय वित्तसंस्थांच्या विक्रीवर फार लिहीत नाही. पुढे एक आख्खे प्रकरण आहे. एकच जोडी समोर ठेवतो. २०२०च्या मार्चमध्ये त्यांनी सुमारे ६२ हजार कोटींचे शेअर विकले आणि महिनाभरात निर्देशांक २३ टक्के कोसळला. २०२४च्या ऑक्टोबरात त्यांनी सुमारे ९४ हजार कोटींचे विकले. सेन्सेक्स सहा टक्क्यांच्या आसपास उतरला. पहिल्या वेळी करोनाची दहशत होती हे धरले तरी मधल्या काळात एक मोठी गोष्ट बदलली होती: त्याच ऑक्टोबरात देशी वित्तसंस्थांनी एक लाख कोटींहून अधिक रकमेची खरेदी केली, आणि म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांतून २५ हजार कोटी आले. ‘परकीयांची विक्री, बाजार गडगडणार’ हे दोन दशके चाललेले सूत्र आता जसेच्या तसे वापरता येत नाही. मात्र हप्ते भरणाऱ्या या नव्या पिढीने दीर्घकाळ रेंगाळणारी मंदी अजून पाहिलेली नाही. २०२०च्या मार्चअखेर देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती. पाच वर्षांनी ती १९ कोटींच्या वर गेली. यांतल्या बहुतेकांनी बाजार पडला की सावरतो एवढेच पाहिले आहे. १९९२ किंवा २००० नंतरची ती लांबलचक, कंटाळवाणी वर्षे त्यांच्या अनुभवात नाहीत, आणि माझ्या मते पुढचा खरा कस तिथे लागेल.

साप्ताहिक लेखनाचा एक जुना रोग आहे, त्याच्याविषयी सावध करून ठेवतो. दिवसअखेर बाजार का पडला याचे कारण सांगावेच लागते, आणि कारण सापडले नाही तर ‘नफावसुली’ सापडते. वाढला तर ‘खालच्या भावात खरेदी’. ही वाक्ये कधीच खोटी ठरत नाहीत, यावरूनच त्यांची किंमत ओळखावी. एक-दीड टक्क्याची हालचाल कित्येकदा विनाकारणच असते. पुढील टिपणांत काही आठवड्यांना कारण दिलेले नाही. ते राहून गेलेले नाही, मुद्दाम दिलेले नाही.

टिपणे जशी रविवारी लिहिली तशीच छापली आहेत. नंतर कळलेल्या गोष्टी आत घुसडल्या तर असे पुस्तक फसवे होते: प्रत्येक पडझड आधीच दिसत होती असे वाचकाला वाटू लागते. प्रत्येक टिपणाखाली वेगळ्या टंकात पुढे प्रत्यक्षात काय घडले ते दोन-तीन ओळींत दिले आहे. दोन्ही मजकूर एकामागोमाग वाचू नयेत. आधी टिपण वाचावे, पुस्तक मिटावे, आपण त्या सोमवारी काय केले असते ते कागदावर तारखेसह लिहावे, मग खालच्या ओळी पाहाव्यात. बहुतेक आठवड्यांत योग्य उत्तर ‘काहीच नाही’ हे निघेल. त्याचा कंटाळा येऊ देऊ नये.

शेअरची नावे यात जवळपास नाहीत. जी आहेत ती उदाहरणापुरती. या पुस्तकावरून कुणी खरेदी-विक्री करू नये. सल्ला हवा असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडून घ्यावा, आणि त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर आधी पडताळून पाहावा. समाजमाध्यमांवरच्या गटांत फुकट मिळणारा सल्ला सर्वांत महाग पडतो, हे मुंबई-पुण्याच्याच काय, तालुक्याच्या गावच्या पोलीस ठाण्यातही आता कळू लागले आहे. सोमवारी सव्वानऊला बाजार उघडल्यावर कोणता शेअर घ्यायचा एवढेच ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांनी हे पुस्तक विकत घेऊ नये.